तोफमायचा घास

गिरडहून समुद्रपूरकडे येताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्यानं कोसभर आत गेलं की धामणखेडा लागतं. गाव दीडदोनशे उंबऱ्यांचं, पण वेशीवर तोफ आहे आणि तिचा तोरा मोठा आहे. साडेसहा हात लांब, अंगावर शेंदराची इतकी पुटं की खाली लोखंड आहे हे सांगावं लागतं. वर पत्र्याचं छप्पर, आणि पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला लाकडाचा बोळा. गाव तिला तोफमाय म्हणतं. ज्याची भीती वाटली त्याला शेंदूर फासून मोकळं व्हायचं ही आपली जुनीच रीत. तोफ तरी त्यातून कशी सुटणार?

तोफमायचे मान दोन. पहिला पाटलांच्या घराचा. दसऱ्याच्या दुपारी तिच्या तोंडात एक मूठ बारूद घालायची, तिला घास म्हणतात. पाटलांकडे रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे, त्यातून ही मूठ निघते. वर्षातून एकदा जेवणारी माय उपाशी राहू नये, असा भाव. मग बाया तिची ओटी भरतात, तीही तोंडातच. नारळ प्रसादाला परत काढतात, पण तांदूळ, सुपाऱ्या, हळकुंडं, खणाचे तुकडे आत राहतात आणि पुढच्या वर्षी जागा व्हावी म्हणून कोणीतरी बांबूनं ते सगळं आत रेटतं.

दुसरा मान उईके घराचा. हे गोंडांचं घर. तोफेच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूनं एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानावर चिमूटभर बारूद ठेवायची आणि लांब काठीला बांधलेल्या जळत्या सुंभानं ती पेटवायची. फुस्स होतं, पांढरा धूर निघतो, गाव ओरडतं आणि सगळे सोनं लुटायला निघतात. आत घातलेला घास कधी पेटत नाही, कारण कान तेलाशेंदरानं कधीचाच बुजलेला. घास आत जातो तो जातो. देवाला दिलेलं पुढे कुठे जातं, हे कोणी विचारत नाही.

गेली पस्तीस वर्षं ही आग पुनाजी उईके देत आला. वय सदुसष्ट, अंगानं काटक, बोलायला कंजूष. त्याचं आयुष्यच बारुदीत गेलं. बाप विहिरींना सुरुंग लावायचा, बापानंतर थोरला भाऊ गोपाल आणि पुनाजी. समुद्रपूर, हिंगणघाट, पार कोऱ्यापर्यंत त्यांनी विहिरी फोडल्या. काळा दगड लागला की शेतकरी कपाळाला हात लावायचा, आणि मग हे दोघे यायचे. पहारीनं भोक पाडायचं, बांबूची कामटी घालून त्याची खोली मोजायची, बारूद भरायची, वात सोडायची आणि वरून ओली माती ठासायची. माती लाकडानंच ठासायची, लोखंड लावायचं नाही. महिनाभर कुदळीला दाद न देणारा दगड एका मुठीत दुभंगायचा. पुनाजीला त्याचा कधी गर्व वाटला नाही. उलट दरवेळी भीती वाटायची.

आणि त्याला कारण होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी एका विहिरीत दोघांनी पाच सुरुंग लावले. वाती पेटवून वर आले आणि मोजायला बसले. सुरुंगवाल्याचा खरा धंदा हाच, मोजायचा. जितके लावले तितके वाजले पाहिजेत. गोपालनं हात धुता धुता विचारलं, "पाच वाजले ना रे?" पुनाजी म्हणाला, "वाजले." वाजले होते चार. पाचवा आवाज विहिरीच्या समोरच्या कडेवरून परत आलेला होता. गोपाल खाली उतरला. पुनाजीनं त्या दिवसाबद्दल बायकोलासुद्धा एवढंच सांगितलं होतं, आणि रुखमानंही पुढे कधी विचारलं नाही. नंतर कंप्रेसर आले, परवान्याची माणसं आली, पुनाजीचा धंदा बसला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता गढीचं सांगायला हवं, नाहीतर या तोफेचा तोरा कळायचा नाही. गावाच्या मावळतीला एक मोठी पांढर आहे. मातीचा उंचवटा, वर बोरी-बाभळी. तिथे एके काळी गोंड राजाच्या सरदाराची गढी होती. गढीच्या एका अंगाला मोठं खिंडार आहे. नागपूरकरांच्या फौजेनं ही तोफ बैलांच्या वीस जोड्या लावून ओढत आणली आणि गोळा घालून ते खिंडार पाडलं, असं पाटलांचं घर सांगतं. पाटलांचा मूळपुरुष त्या फौजेत होता, म्हणून त्याला गावची पाटीलकी मिळाली. उईके घर तेच सांगतं, फक्त आतल्या बाजूनं. पुनाजीची आजी गोंडीतून सांगायची की त्या खिंडारात आपली बत्तीस माणसं उभी राहिली आणि बत्तीसही तिथेच पडली. एकानंही पाठ दाखवली नाही. पुढे जिंकलेल्यांनी दंडक घातला की दरसाल तोफेला आग हरलेल्यांच्या घरानं द्यायची. दंड म्हणून लागलेलं काम चार पिढ्या केलं की त्याचा मान होतो. गावात गोंडांची घरं सहा. पंगतीत बोलावणं उशिरा येईल, पण दसऱ्याच्या दुपारी सारं गाव पुनाजीच्या हाताकडे बघत थांबतं. रुखमा त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसते. पुनाजीला आजीची बत्तीस माणसं आठवतात आणि छाती जरा पुढे येते. गरिबाला एवढं पुरतं.

यंदा मात्र रुपेशच्या डोक्यात काही वेगळंच शिजलं. रुपेश हा प्रभाकरराव पाटलांचा पुतण्या. जामच्या चौकात त्याचा ढाबा आहे, जोरात चालतो. पोरगा वाईट नाही, पण दमाचा नाही. तालुक्याहून पाहुणे येणार होते, मोबाइलवर चित्रण होणार होतं, आणि तोफेनं नुसतं फुस्स करायचं ही त्याला लाज वाटली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं जामहून एक वेल्डिंगवाला आणला आणि हातानं फिरवायचं गिरमिट लावून तोफमायचा कान आरपार मोकळा करून घेतला. काकांना सांगितलं, "कान साफ केला, बस."

दसऱ्याला सकाळी पुनाजी नेहमीप्रमाणे कान पुसायला गेला. कान चकचकीत होता. त्यानं बारीक तार घातली. दरवर्षी तार नखभर जायची, यंदा बोटभर गेली, आणखी गेली. बाहेर आली तेव्हा टोकाला काळे कण चिकटले होते. पुनाजीनं ते जिभेवर ठेवले. बारुदीतल्या सोऱ्याचा खारट गारवा जिभेवर पसरला. त्यानं पाच-सहा कण लांब एका दगडावर नेऊन ठेवले आणि विडीचं टोक लावलं. भस्सकन उजेड झाला.

मग त्यानं तोंडाचा बोळा काढला, कुंपणाची एक लांब कामटी घेतली आणि विहिरीच्या भोकात घालायचा तशी हळूच आत घातली. बाहेरून तोफ साडेसहा हात. कामटी दोन हातांवर अडली. आत काय असेल ते त्याला दिसायला लागलं. तळाला कोण्या जमान्यात भरलेली बारूद, मध्ये पाटलांच्या कैक पिढ्यांच्या मुठी, आणि त्यांच्यावर थरावर थर ठासून बसलेली गावातल्या सगळ्या बायांची ओटी. बांबूनं रेटून रेटून दगडासारखी झालेली. पुनाजी तिथेच चौथऱ्यावर बसला.

तो उठून पाटलांकडे गेला. प्रभाकरराव ओसरीवर बंदूक पुसत होते, शेजारी खुर्चीवर त्यांची म्हातारी आई, आनंदाबाई. रुपेश फोनवर होता.

"पाटील, यंदा आग द्याची नाई," पुनाजी म्हणाला. "तोफमाय भरून हाय. कान मोकळा झाला. आतली बारूद जिती हाय, मी पेटवून पाह्यली."

रुपेशनं फोन बाजूला केला. "म्हणजे पेटते? मंग तर आवाज होईनच ना पुनाजीकाका! तेच तर पाहिजे."

"आवाज नाई होत बाबू, फुटंन ते. आपण सुरुंगाचं तोंड मातीनं काऊन बंद करतो? तोंड बंद असलं की दगड फुटते म्हून. इथी ओटीनं तोंड बंद झालं हाय. अन् दगडाच्या जागी लोखंड हाय, भवताल सारं गाव."

प्रभाकरराव मानी माणूस. निमंत्रणं गेलेली, मांडव पडलेला. ते म्हणाले, "पुनाजी, इतक्या पिढ्या माय घास खाऊन राह्यली, कोणाले काही झालं नाई. अन् आजच तुले भेव वाटते?"

"आजवर कान बंद होता, पाटील."

"तुले नसंन द्याची तर नोको देऊ. रुपेश देईन."

पुनाजीला हे लागलं. पस्तीस वर्षांचा मान ओसरीवर बसल्या बसल्या गेला. पण तो एवढंच म्हणाला, "रुपेशलेही देऊ देऊ नोका."

दुपारी बारा-साडेबाराला वेशीवर सगळं गाव जमलं. पोरंसोरं तोफेच्या चौथऱ्याला खेटून, पाहुणे खुर्च्यांवर, बाया ताटं घेऊन. पुनाजी घरोघर सांगून आला होता, पण सणाच्या दिवशी असलं कोण ऐकतं? लोकांनी मान हलवली आणि नवे कपडे घातले. प्रभाकररावांनी घास घातला. बायांनी ओटी भरली. रुपेशनं काठी घेतली, सुंभ पेटवला आणि पुढे झाला.

पुनाजी गर्दीतून निघाला, चौथऱ्यावर चढला आणि त्यानं तोफेच्या कानावर उजव्या हाताचा तळवा ठेवला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग हसू झालं, मग ओरडा. "पुनाजीकाका, हात काढा," रुपेश म्हणाला. पुनाजीनं हात काढला नाही. गर्दीतून कोणीतरी बोललं, "याच्या पोटात अजून गढीचं हाय!" उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ते एकाला सुचलं आणि चौघांना पटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, गोंडाच्या मनातली खुन्नस गेली नाही, मायचा मान पाहवत नाही. अडीचशे वर्षं शेजारी राहिलेली माणसं हे बोलत होती. प्रभाकरराव बोलले नाहीत, पण त्यांनी कोणाला गप्पही केलं नाही. पुनाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं आणि दुःखाचंही.

"पोट्टे मागं घ्या," तो मोठ्यानं म्हणाला. "बाप्पाहो, पोट्टे तरी मागं घ्या! मी एकडाव मोजाले चुकलो हावो. माह्या भाऊ गेला त्याच्यात. आता नाई चुकत."

रुपेशच्या हातातली काठी खाली आली होती. सुंभाचं जळतं टोक पुनाजीच्या हातावर टेकलं. मुद्दाम नव्हे, रुपेश मागच्या पोरांकडे वळून बघत होता. कातडी भाजल्याचा वास आला. पुनाजीनं दात आवळले. हात जागचा हलला नाही. रुखमा गर्दीतून धावत आली आणि तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

तेव्हा आनंदाबाई खुर्चीतून उठली. नव्वदीची म्हातारी, काठी टेकत पुढे आली आणि लेकालाच म्हणाली, "पभ्या, तुले अक्कल हाय का नाई? पोटात खुन्नस असती त तो आज गुपचूप घरी झोपला असता, अन् तुमी सारे इथी उडाले असते. ज्याले मारायचं असते, तो हात भाजून घेते का?"

प्रभाकररावांनी त्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. चेहरा पडला. "रुपेश," ते म्हणाले, "सुंभ पाण्यात घाल."

पोलीस पाटलानं ठाण्यात फोन केला. दोन दिवसांनी नागपूरहून बाँब निकामी करणारं पथक आलं. त्यांनी गाव लांब पाठवलं, कानातून आणि तोंडातून पाणी सोडून आतली बारूद तीन दिवस भिजत ठेवली आणि मग लाकडी पळ्यांनी तोफमायचं पोट उपसलं. हळदीचे गोळे, सुपाऱ्या, कुजलेले खण, काळा चिखल. पथकातला माणूस पुनाजीला म्हणाला, "बाबा, पेटली असती तर पन्नास पावलांत कोणी राहिलं नसतं." रुपेश तिथेच उभा होता. तो खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. त्या संध्याकाळी तो पुनाजीच्या घरी मलम घेऊन आला. रुखमानं चहा केला, तो पिऊन रुपेश गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पथकाबरोबर जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती, नंदिनी नावाची. तिनं शेंदराची पुटं खरवडली, आत दिवा घालून पाहिलं, आणि सगळ्यात तळाशी सापडलेला लोखंडी गोळा चौथऱ्यावर ठेवला. मग तिनं पुनाजीला आणि प्रभाकररावांना जवळ बोलावलं.

"ही तोफ लोखंडाच्या पट्ट्या जोडून, वरून कडी चढवून केली आहे," ती म्हणाली. "मागचा हा सांधा बघा. तो कधी जुळलाच नव्हता. गोळा भरून ही एकदा जरी उडवली असती, तर इथेच फुटली असती. आतून नळीला गोळा सुटताना घासल्याची एक खूणसुद्धा नाही. मला तरी असं दिसतं की हिच्यात एकदाच गोळा भरला आणि तो तसाच राहिला."

"मंग गढी कशी पडली?" प्रभाकररावांनी विचारलं.

नंदिनी त्यांना पांढरीवर घेऊन गेली. खिंडारातली माती तिनं हातभर बाजूला केली. खाली फरसबंदी होती, आणि कडेच्या दगडात दरवाज्याचा खुंट फिरण्याचं गोल, झिजून गुळगुळीत झालेलं भोक. "हे खिंडार नाही," ती म्हणाली. "इथे दरवाजा होता. भिंत पुढे पावसानं गेली असेल, दगड लोकांनी घरांना नेले असतील. गोळा न सुटताच दार उघडलं गेलं असणार. त्या काळी असं पुष्कळ ठिकाणी व्हायचं. मातीच्या गढीत चार महिन्यांचं धान्य असलं की आतला माणूस राजाचंही ऐकत नसे. तोफा आल्या आणि ते संपलं. ज्याच्याकडे तोफ त्याचं राज्य, आणि ते राज्य वाढत गेलं. दरवेळी तोफ उडवावी लागत नसे. ओढत आणून समोर उभी केली की पुरायचं. मग पुढची गढी. नंतर इंग्रज आले, त्यांच्या तोफा आणखी चांगल्या, त्यांनी नागपूरकरांचंही तेच केलं."

ती खाली उतरून गेली. दोघे म्हातारे त्या दरवाज्याच्या दगडांवर बसून राहिले. ऊन डोक्यावर होतं, बोरीची सावली नावालाच.

पुनाजीला काय वाटत होतं ते त्यालाच नीट कळत नव्हतं. बत्तीस माणसं नव्हतीच. लहानपणापासून ज्यांच्या जिवावर मान वर ठेवली, ती माणसं इथे पडलीच नव्हती. पाठ दाखवली नाही म्हणे! दार उघडून दिलं होतं. आजी खोटं बोलली होती, किंवा आजीची आजी. त्याला आजीचा राग आला, आणि मग तिची फार दया आली. हरलेल्या घरात पोरांना काहीतरी सांगावं लागतं.

प्रभाकररावांचंही तेच झालं असावं. ते बराच वेळ काठीनं माती उकरत होते. "आमी सांगत आलो, आमी गढी पाडली," ते म्हणाले. "त्याच्यावरच तर पाटीलकी. अन् इथी एक गोळा सुदा सुटला नाई." मग थांबून म्हणाले, "पुनाजी, त्या दिवशी मले तोंड उघडाले पाहिजे होतं. लोक बोलून राह्यले होते तवा. मी गप राह्यलो. चुकलं माह्यं."

पुनाजीनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "झालं ते झालं, पाटील."

"मंग झालं काय असंन रे, त्या दिवशी?"

पुनाजीनं वेशीकडे, तोफेच्या दिशेनं पाहिलं. भरलेली तोफ समोर असते तेव्हा माणसाला काय वाटतं, हे गावात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"काय होणार?" तो म्हणाला. "भाहेर तुमच्यातला कोणीतरी सुंभ घेऊन उभा होता, त्यानं तो लावला नाई. अंदर आमच्यातला कोणीतरी होता, त्यानं दार उघडलं. दोघायचंही नाव कोणी ठेवलं नाई. शरमच वाटली असंन सांगाची. पण पाटील, ते दोघं तसे वागले म्हून आपण दोघं आज इथी बसून राह्यलो."